जुन्या जीपला एलईडी टेललाइट बसवायचे आहेत : वायरिंगबद्दल सल्ला हवा (इंदूर)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० ही जुनी जीप आहे. पावसाळ्यात खंडवा रोडने सिमरोळच्या पुढे चोरलकडे, तसेच महूजवळच्या जानापावच्या बाजूला ती बऱ्याचदा चिखलातून आणि ओढ्यांतून जाते. मागच्या दिव्यांचे होल्डर गंजले आहेत, बल्ब वारंवार जातात, आणि घाटात धुके असले की मागून येणाऱ्या ट्रकला माझा ब्रेक लागलेला दिसतो की नाही याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून बाजारातले एलईडी टेललाइट बसवायचे ठरवले आहे.

कोणत्या प्रकारचे दिवे घ्यावेत, जुने वायरिंग चालेल की नवे ओढावे, आणि मध्ये रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लागतो का, हे कृपया सांगावे. एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकतात आणि त्यासाठी रेझिस्टर (बल्बइतका प्रवाह ओढणारा रोधक) टाकावा लागतो असे गॅरेजमध्ये सांगितले. तो आवश्यक आहे का? माझ्या डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरसाठी एकच हिरवा दिवा आहे, त्याचा काही संबंध येत असेल तर तेही सांगावे. काम मी स्वतः करणार आहे आणि मल्टिमीटर वापरता येतो.

प्रतिसाद १

जुन्या होल्डरमध्ये नुसता एलईडी बल्ब बसवू नका, पूर्ण सीलबंद दिवाच घ्या. जुन्या दिव्याचा परावर्तक फिलामेंटच्या जागेचा हिशेब धरून बनवलेला असतो. तिथे एलईडी बल्ब घातला की उजेड कुठेतरी एकवटतो आणि कडेने पाहणाऱ्याला दिवा मंद दिसतो. शिवाय साधा बल्ब तापतो, त्यामुळे काचेच्या आत जमलेले दव आपोआप सुकते. एलईडीची उष्णता तेवढी नसल्यामुळे आत शिरलेला ओलावा आतच राहतो. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला म्हणूनच निदान आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरू देणारा, दिवा हवा.

खोक्यावर १० ते ३० व्होल्ट असा पल्ला दिलेला पाहून घ्या. गाडी चालू असताना अल्टरनेटर साधारण १४ व्होल्ट देतो आणि मधूनमधून त्याहून मोठे झटकेही येतात; ज्या दिव्यात विद्युतप्रवाह स्थिर ठेवणारे सर्किट नसते त्यातले एकेक एलईडी हळूहळू मरतात. काळपट काचेचे दिवे दिसायला कितीही छान वाटले तरी आपल्या उन्हात ब्रेकलाइट दिसेनासा करतात, ते घेऊच नयेत.

ब्रेकसाठी एलईडीचा फायदा मात्र निर्विवाद आहे. फिलामेंटला पूर्ण तापून उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतो, तर एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेचार मीटरच्या आसपास पुढे येते.

प्रतिसाद २

रिलेचा प्रश्न आधी निकाली काढतो. ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो, म्हणजे १२ व्होल्टवर एक बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो आणि दोन मिळून साडेतीन. त्या जागी येणारे दोन्ही एलईडी दिवे मिळून सहसा एक अँपिअरही घेत नाहीत. जे वायरिंग आणि जो ब्रेक स्विच मोठा भार पेलत होता त्याला हा लहान भार जड जाण्याचे कारण नाही, त्यामुळे रिले नको. फ्यूज मात्र हवाच, कारण तो दिव्यासाठी नसून वायरसाठी असतो.

खरे काम अर्थिंगचे, म्हणजे वीज चेसिसमार्गे बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेचे आहे. जुन्या जीपमध्ये मागच्या दिव्याला स्वतंत्र अर्थ वायर बहुधा नसते. होल्डर पत्र्याला टेकलेला असतो आणि पत्रा चेसिसला. मध्ये रंग, गंज आणि चिखल साचला की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवा थरथरतो. दोन्ही दिव्यांच्या अर्थच्या वायरी एकत्र आणा, तिथून १ चौरस मिलिमीटरची एक स्वतंत्र वायर थेट चेसिसच्या स्वच्छ केलेल्या जागी न्या. बोल्टभोवतीचा रंग काचपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. चेसिस ते बॅटरी हा जाड पट्टाही त्याच वेळी तपासा.

आता तपासणीतली एक खाच सांगतो, जी फार जण चुकवतात. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की अर्थिंग खराब असले तरी मल्टिमीटरवर व्होल्टेजची घट जवळजवळ दिसत नाही, आणि सर्व ठीक आहे असे वाटते. म्हणून नवा दिवा जोडण्यापूर्वी त्याच वायरींवर जुना २१ वॅटचा बल्ब तात्पुरता लावा, ब्रेक दाबून ठेवायला कुणाला तरी बसवा, आणि मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर व दुसरे बल्बच्या अर्थवर धरा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोड पुन्हा घासा. तीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूलाही करता येते. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली तरच नवे वायरिंग ओढावे, नाहीतर जुने चांगले आहे असे समजावे.

दिव्याच्या वायरींच्या रंगांवर विसंबू नका. प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे असतात. एक अँपिअरचा फ्यूज घातलेली वायर बॅटरीपासून घेऊन एकेक टोक तपासा: मंद लागेल ती पार्किंगची, प्रखर लागेल ती ब्रेकची. साधा बल्ब कसाही जोडला तरी लागतो, एलईडी उलटा जोडल्यास लागत नाही, आणि हलक्या प्रतीच्या दिव्यात आतले सर्किटही जाऊ शकते.

जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत पकडीने दाबून) त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसत्या सोल्डरने वायर जोडाच्या कडेला ताठ होते आणि खडकाळ वाटेवरच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. काळी टेप तर मे महिन्यात चिकट राळ होऊन सुटते. वायर चेसिसच्या आतल्या वरच्या कडेने, सायलेन्सरपासून दूर न्यावी, आणि दिव्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी त्या झोक्यावरूनच गळून पडेल.

प्रतिसाद ३

इंडिकेटरसाठी रेझिस्टर लावण्याला बरेच जण इतके वाईट का म्हणतात ते मला कळत नाही. माझ्या गाडीत ६ ओहम, ५० वॅटचे रेझिस्टर लावलेले आहेत आणि इंडिकेटर व्यवस्थित चालतात. जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) हात लावावा लागत नाही, हा मोठाच फायदा आहे.

प्रतिसाद २

चालतात हे खरे आहे, पण किंमत पाहा. गाडी चालू असताना १३.८ व्होल्टवर ६ ओहमचा रेझिस्टर सुमारे ३२ वॅट उष्णता बाहेर टाकतो. लुकलुकण्यामुळे सरासरी निम्मी धरली, तरी इमर्जन्सीसाठी चारही इंडिकेटर लावून गाडी घाटात उभी राहिली तर तो हात लावता येणार नाही इतका तापतो. तो पत्र्यावर बसवला असेल तर ठीक. प्लॅस्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला टेकला असेल तर आग लागण्याची भीती आहे. तुमचे रेझिस्टर कुठे बसवले आहेत ते एकदा जरूर पाहून घ्या.

मूळ कारण असे आहे की जुना फ्लॅशर बल्बच्या प्रवाहावरच चालतो. काही फ्लॅशर प्रवाह कमी झाला की बल्ब गेला असे समजून भराभर लुकलुकतात, आणि द्विधातूची पट्टी असलेले जुने फ्लॅशर कमी प्रवाहात तापतच नाहीत, त्यामुळे दिवा नुसता लागून राहतो. यावर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हाच सरळ उपाय आहे. तो बहुधा तीन पायांचा असतो: बॅटरी, लोड आणि अर्थ. जुन्या दोन पायांच्या सॉकेटमध्ये अर्थ नसतो, तेवढी एक वायर डॅशबोर्डच्या मागून द्यावी लागेल.

धागाकर्ता

फारच उपयुक्त माहिती मिळाली, मनापासून आभार. फ्लॅशर बदलतो. डॅशबोर्डवरच्या त्या एकाच हिरव्या दिव्याचे मात्र राहिले आहे.

प्रतिसाद ४

तो दिवा डावी आणि उजवी या दोन वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. उजवा इंडिकेटर दिला की त्याला उजव्या वायरीतून वीज मिळते आणि अर्थ मिळतो तो डाव्या बाजूच्या बल्बच्या फिलामेंटमधून. तुम्ही पुढचे बल्ब साधेच ठेवणार असाल तर ही वाट शिल्लक राहते आणि काही बिघडत नाही. पुढे-मागे चारही एलईडी केलेत की मात्र हिरव्या दिव्यातून जाणारा थोडासा प्रवाहदेखील दुसऱ्या बाजूचे एलईडी उजळायला पुरतो, आणि एक इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतात.

उपाय स्वस्त आहे. १एन४००७ क्रमांकाचे दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) घ्या. ते एक अँपिअर पेलतात आणि डॅशबोर्डचा लहान बल्ब त्याच्या पावभागाइतकाही घेत नाही. डायोडच्या ज्या टोकाकडे चंदेरी पट्टी आहे ती दोन्ही टोके एकत्र जोडून हिरव्या दिव्याच्या एका पायाला द्या. उरलेले एक टोक डाव्या वायरीला, दुसरे उजव्या वायरीला. दिव्याचा दुसरा पाय थेट अर्थ करा. असे केल्यावर वीज दोन्हीकडून दिव्याकडे येऊ शकते, पण एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे इमर्जन्सीचे चारही दिवेही नीट चालतात.

प्रतिसाद १

कायद्याच्या दोन गोष्टी राहून जात होत्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा आणि नंबरप्लेट पांढऱ्या उजेडात ५० मीटरवरून वाचता यायला हवी. जुन्या जीपच्या टेललाइटला खालून एक पारदर्शक खिडकी असते आणि तिचाच उजेड नंबरप्लेटवर पडतो. बाजारातल्या अनेक गोल एलईडी दिव्यांना ती नसते. तेव्हा नंबरप्लेटसाठी एक लहान पांढरा दिवा पार्किंगच्या वायरीवर वेगळा घ्या. लाल परावर्तकही दिव्यात नसेल तर मागच्या पत्र्यावर स्वतंत्र लावा, कारण गाडी अंधारात बंद पडली आणि बॅटरीही उतरली तर मागच्याला दिसेल असे तेवढेच उरते.

धागाकर्ता

नंबरप्लेटचे माझ्या ध्यानातच आले नव्हते, तो दिवा यादीत घेतला. रिव्हर्ससाठी मागे मोठा एलईडी फ्लडलाइट लावला तर त्यालाही रिले नकोच ना?

प्रतिसाद २

तिथे मात्र हवा. चार-पाच अँपिअर घेणारा फ्लडलाइट गिअरबॉक्सवरच्या लहानशा स्विचवर टाकू नका. स्विचची वायर रिलेच्या ८६ क्रमांकाला, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीपासून फ्यूज घातलेली जाड वायर आणि ८७ वरून दिवा, अशी जोडणी करा. आणि रिले पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर, तोंड खाली करून बसवा.