भाकरीतून एचआयव्ही होतो का?

प्रश्न: सोलापुरात कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या एका बाईंना एचआयव्ही आहे. गिऱ्हाईक तुटतंय. बोट कापून पिठात रक्त पडलं तर?

उत्तर: तरी लागण नाही. विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही, तव्याच्या आचेत तर मरतोच. लाळ, घाम, डास, एक ताट यांनीही नाही. असुरक्षित संभोग, दूषित सुई किंवा रक्त, आईकडून बाळाला, एवढ्याच वाटा. भाकऱ्या घ्या, बाईंचं पोट त्यावर आहे!

दुसरं उत्तर: रोज एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संभोगातूनही लागत नाही.

तिसरं: वापरलेली सुई टोचली तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा. ७२ तासांच्या आत, जमलं तर २ तासांतच, सरकारी रुग्णालय गाठा. लागण रोखणाऱ्या गोळ्या २८ दिवस, खंड नको. माहितीला एड्स हेल्पलाइन १०९७, फुकट.