पहिल्याच बॅचची गाडी? जरा दमानं

वर कुणीतरी म्हटलंय की नवी स्वस्त स्पोर्ट्स कार आली की लगेच बुक करा, वॉरंटी आहे तर भीती कसली. वॉरंटीत पार्ट फुकट मिळतो हो, पण गाडी वर्कशॉपात पडून राहते त्याचं काय?

टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड ही जुळी भावंडं घ्या. २०१२ साली आली, चालवायला झकास. २०१८ मध्ये सुरुवातीच्या गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी (इंजिनातल्या झडपा बंद करणारी स्प्रिंग) कंपनीनं परत बोलावल्या. स्प्रिंग एवढीशी, पण बॉक्सर इंजिनात सिलिंडर आडवे, आणि ही स्प्रिंग ज्यात बसते ते हेड (सिलिंडरवरचं झाकण) दोन्ही बाजूंना पार कडेला. त्यामुळे तेवढ्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवायचं! पहिल्याच बॅचवर उडी मारणाऱ्यांच्या नशिबी हे आलं.

माझदा एमएक्स-५ कडे माझा कल आहे तो यामुळेच. १९८९ पासून तोच साधा हिशोब: हलकी गाडी, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि आजच्या मॉडेललाही टर्बो (ताकद वाढवायला इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही. टर्बो नाही म्हणजे ती हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, त्याचे पाइप नाहीत, जादा उष्णता नाही. ताकद कमी वाटेल, मान्य. (मला तरी पुरते, माझं ड्रायव्हिंग काही फार दिव्य नाही.)

आणि किंमत बघताना टायर विसरू नका. मी एक जुनी कूपे (दोन दारांची गाडी) ‘स्वस्तात’ घेतली होती. आधी चारही टायर, मग क्लच. ट्रॅकवर न्यायचा विचार असेल तर वॉरंटीची बारीक अक्षरं आधी वाचा, शर्यतीतला बिघाड बहुतेक कंपन्या मानत नाहीत.