मदत हवी आहे: व्हिसा हातात नसताना अमेरिकेतल्या घराच्या करारावर सही करावी का?

नमस्कार मंडळी,

लेकीला युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय, अर्बाना-शँपेन इथे एमएसला प्रवेश मिळालाय. (शँपेन हे गावाचं नाव आहे, हे तिच्या आजीला अजून पटलेलं नाही.) आय-२० (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद) आलाय, सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे) ३५० डॉलर भरलेत, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मात्र मिळत नाहीये. आम्ही सांगलीचे. घरात आजवर सगळ्यात लांब कोणी गेलं असेल तर मस्कतपर्यंत.

अडलंय ते घरावरून. व्हॉट्सॲप ग्रुपवर चौघी मुली जमल्या, चार खोल्यांचा फ्लॅट बघितला. करार आला तो तीसेक पानांचा. ऑगस्ट ते ऑगस्ट, पूर्ण बारा महिने. वर एक कलम असं की एकीने भाडं थकवलं तर ते उरलेल्या तिघींनी भरायचं. लेक म्हणते, आज सही केली नाही तर घर जाईल. हे म्हणतात, पासपोर्टवर व्हिसा उमटल्याशिवाय एक डॉलर सुटणार नाही. दोन दिवस दोघांचा अबोला आहे आणि निरोप पोचवायला मी.

शिवाय विद्यापीठाला टीबीची चाचणी हवीय. तिला लहानपणी बीसीजी दिलेली आहे, त्याने काही गडबड होते का? आणि मिक्सर द्यावा का सोबत?

प्रतिसाद १
ताई, मी तिथे दोन वर्षं काढलीत. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा करार डोक्यातून काढा. तिथे सही केली की वर्षभराचं भाडं तुमच्या गळ्यात, आणि व्हिसा नाकारला म्हणून सहसा सुटका नाही. आमच्यातल्या एकीचा व्हिसा अडकला, तर तिच्या वाट्याचं भाडं आम्ही तिघींनी ऑक्टोबरपर्यंत भरलं. मग एक मुलगी मिळाली सबलेटला, म्हणजे पोटभाड्याने राहायला.

लेकीला मालकाला ईमेल करायला सांगा: व्हिसा नाकारला तर काय? जे उत्तर येईल ते करारातच लिहून मागा, फोनवरच्या 'डोन्ट वरी'ला अर्थ नाही. प्रत्येकीचा वेगळा करार असलेली घरंही असतात, ती आधी बघा. नाहीतर पहिलं सेमिस्टर कोणाची तरी खोली सबलेटवर घ्यावी. डिसेंबरात पदवी घेऊन बरेच जण जातात, तेव्हा खोल्या सुटतात. कँपसच्या अगदी दारात घर हवं असंही नाही, विद्यार्थ्यांना गावातली बस आयकार्डावर चालते.

मिक्सर नको. तिथे १२० व्होल्ट. आपला २३० चा मिक्सर तिथे लावला तर चटणी वाटेपर्यंत सेमिस्टर संपेल. द्यायचाच तर तिथे चालणारा ११० व्होल्टचा इथे विकत मिळतो. कुकर खुशाल द्या.

प्रतिसाद २
बीसीजी झालेल्यांची कातडीखाली सुई टोचून करतात ती चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तावरची टीबीची चाचणी, इग्रा, करा, पण भारतातला रिपोर्ट चालतो का ते आधी फॉर्मवर वाचा. एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोसांच्या तारखाही लागतील.

एक आगाऊ सल्ला: भाड्याचं गणित कँपसवरच्या नोकरीवर मांडू नका. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच, आणि पहिलं वर्ष कँपसबाहेर काम नाही. २५ टक्क्यांची असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पाव वेळेचं काम) लागली तर ट्युशन फी माफ होते खरी, पण विद्यार्थ्यांच्या फीवरच चालणाऱ्या काही प्रोग्रॅमना ती सवलतच नाही. तिचा कुठला ते प्रवेशपत्रात बघा.

मूळ लेखिका
दोघांचेही आभार. ईमेल गेली, उत्तरही आलं: बदली भाडेकरू आम्हीच शोधायचा, वर त्याची फी वेगळी. 'सबलेट' म्हणजे पोटभाड्याने देणं असं सांगितल्यावर यांचा चेहरा जरा सैल झाला. सही तूर्तास थांबवलीय, डिसेंबरपर्यंतची खोली शोधतोय.

लसीचं पुस्तक सापडलं, पण एमएमआरच्या दुसऱ्या डोसापुढे डॉक्टरांची सही आहे, तारीख नाही. ते डॉक्टर आता हयात नाहीत. अशा वेळी काय करतात?