मंडळीतील बांधवाकडे अडकलेल्या पैशांसाठी न्यायालयात जावे का?

नगरकर (प्रश्न)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीतील (म्हणजे चर्चमधील) एका बांधवाला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मी 3 लाख रुपये चेकने दिले, त्याला आता दोन वर्षे आठ महिने झाले. एकाच बाकावर बसून उपासना करणाऱ्या माणसाकडून कागद लिहून घेणे मला प्रशस्त वाटले नाही. मुलगी शिकून नोकरीलाही लागली, तरी विषय काढला की ते "प्रभू मार्ग काढील" एवढेच म्हणतात. पाळकसाहेबांकडे गेलो, तेव्हा त्यांनी बायबलमधील पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय (विश्वासणाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध न्यायालयात जाऊ नये, असे सांगणारा) वाचून दाखवला, प्रार्थना केली, चहा पाजला. समोरच्या माणसाला बोलावले मात्र नाही. दावा लावणे हे पाप ठरेल काय?

निवृत्त पाळक

बंधू, त्या अध्यायातील पाचवे वचन पुन्हा वाचा. भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय, असे पौल तेथे विचारतो. म्हणजे लाज वाटायला हवी ती आधी मंडळीला. ज्याचे पैसे बुडत आहेत त्याला गप्प बसवण्यासाठी ते पत्र लिहिलेले नाही. न्यायासनाचे पौलाला वावडे होते असेही नाही, कारण याच करिंथात तो रोमी सुभेदार गल्लियोपुढे उभा राहिला होता आणि पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायातील क्रम धरा: आधी दोघांनीच बोला, मग एकदोन साक्षीदार घेऊन जा आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीला लेखी कळवा. आपले पाळकसाहेब पहिल्या पायरीवरच थांबले, असे मला वाटते.

दिवाणी वकील

पायऱ्या जरूर चढा, पण दिनदर्शिका जवळ ठेवून. उसने पैसे चेकने दिले असतील, तर चेक वटला त्या दिवसापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो आणि मंडळीत बैठका चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही. ती संपण्यापूर्वी त्यांनी कर्ज मान्य असल्याचे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. "देतो हो" या तोंडी आश्वासनाचा तेथे उपयोग नाही. पंचांपुढे समेट झाला, तर तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करून तो लोकअदालतीत नोंदवून घ्या. तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. भांडण मंडळीत मिटते आणि कागदही पक्का होतो. अर्थात हे पैशांच्या व्यवहारापुरतेच; मारहाण किंवा मुलांवरील अत्याचारासारखी बाब "आपसात मिटवा" म्हणून कोणी सांगू लागले, तर त्यांचे ऐकू नका.

पुण्याची ताई

वकीलसाहेबांशी मी सहमत आहे, पण पंच कोण, हे कोणीच विचारलेले नाही. माझे वडील मृत्युपत्र न करता गेले. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 नुसार ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, तरी आमच्या मंडळीच्या चार पंचांनी (त्यातील दोघे माझ्या भावाचे सासरकडचे) माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले आणि "त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही" हे सातवे वचन ऐकवले. तुम्हीच अन्याय करता आणि तोही भावांवर, असे सांगणारे आठवे वचनही वाचा, असे मी म्हणाले, तेव्हा वाचणाऱ्यांनी चष्मा काढून घडी केला आणि बायबल मिटले. मी सही केली नाही. मंडळीच्या मालमत्तेच्या आणि विश्वस्तांच्या भांडणांसाठी धर्मादाय आयुक्तांकडे खेटे घालणारे लोकच एकट्या बाईला न्यायालय वर्ज्य असल्याचे सांगतात, हेही जाता जाता नोंदवते. पंच दोन्ही बाजूंना मान्य असावेत, कोणाचेही नातेवाईक नसावेत आणि शक्यतो दुसऱ्या मंडळीतले असावेत.

नगरकर

सर्वांचे आभार. पासबुक काढून पाहिले. मुदतीला तीन महिने सोळा दिवस उरले आहेत. शेजारच्या मंडळीतील एक निवृत्त मुख्याध्यापक आम्हा दोघांनाही मान्य आहेत. त्यांना विचारले, ते येतो म्हणाले. रविवारी उपासनेनंतर त्या बांधवाच्या घरी जाणार आहोत. कर्ज मान्य असल्याचा चार ओळींचा मजकूर तयार आहे. फक्त हप्त्याच्या रकमेची जागा कोरी ठेवली आहे, ती त्यांनीच भरावी.