मदत हवी आहे: बॅटमॅन-ग्रीन हॉर्नेट एकत्र आलेल्या भागांची सबटायटल जुळत नाहीत

१ आणि २ मार्च १९६७ला अमेरिकेत दाखवलेले बॅटमॅन टीव्ही मालिकेचे हे दोन भाग; खलनायक खोट्या टपाल तिकिटांचा कर्नल गम. रॉबिन आणि ग्रीन हॉर्नेटचा साथीदार केटो (म्हणजे ब्रूस ली!) यांची बरोबरीत सुटलेली मारामारी यातलीच. मराठी सबटायटल करायची आहेत. मूळ एसआरटी (सबटायटलची फाइल) सेकंदाला २५ फ्रेमच्या पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) प्रतीची, माझा व्हिडिओ सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा. त्यामुळे २५ मिनिटांच्या भागाअखेर ओळी मिनिटभर आधी येतात. सगळ्या वेळा १.०४२७ने गुणल्यावर सुरुवात जुळते, पण मध्यंतरानंतर एकदम ९ सेकंदांचा फरक पडतो. तो पुढे वाढत नाही, म्हणजे वेगाचा दोष नाही, पाल प्रतीत काहीतरी कापलंय. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये पॉइंट सिंक (काही ओळींच्या वेळा ठरवून बाकीच्या जुळवणं) केलं तर आधीचं जुळलेलंही ताणलं जातं. फक्त निवडलेल्या ओळीपासून पुढचं सगळं कसं सरकवायचं?