नळ पाच दिवसांआड, बोअरला क्षार, घरात तान्हं बाळ: पिण्याच्या पाण्याची सोय कशी करावी?

शिवारवाट
लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नगरपरिषदेचा नळ पाच-सहा दिवसांआड, पाऊण तास, धार बारीक. म्हणून नळाला थेट अर्ध्या एचपीची मोटार जोडली आहे. पाणी अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात पडतं (५००० लिटर, वर शहाबादी फरशी) आणि तिथून दुसरी मोटार ते गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत चढवते. बोअर साडेचारशे फूट, त्याचंही पाणी त्याच टाकीत. मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) नळाचा ३४०, बोअरचा ११८०. घरात सात महिन्यांचं बाळ, पेज आणि वरचं पाणी सुरू झालंय. सासूबाई सत्तरीच्या. दुकानदार म्हणतो आरओ घ्या, सगळं मिटेल. घ्यावा का? हौदात ब्लीचिंग पावडर किती टाकायची? पाणी तपासून कुठे मिळतं? पावसाळ्यात नळाचं पहिलं पाणी गढूळ येतं आणि वास मारतं. आणखी एक, हौदाजवळच्या मोटारीला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. असं होतंच का?

फेजतार
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. होत नाही, आणि होऊ द्यायचं नाही. दोन्ही मोटारींचे प्लग आत्ताच काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. कित्येक बोर्डांवर बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं, मग बटण बंद असूनही मोटारीत फेज राहतो.

झिणझिण्या येतात याचा अर्थ वाइंडिंगमधला करंट मोटारीच्या बॉडीवर उतरतोय आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही. आज हात नुसता ओला आहे. उद्या अंगणात पाणी साचलं असेल, पाय अनवाणी असतील, तर तोच करंट जीव घेतो. एमसीबी यात वाचवत नाही. १६ अँपिअरची एमसीबी जादा भाराला पडते. माणसाला ३० मिलिअँपिअरच्या पुढे धोका सुरू होतो. ते काम आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणाऱ्या स्विचचं. मुख्य बोर्डावर दोन पोलची, ३० मिलिअँपिअरची बसवून घ्या. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, लगेच पडली पाहिजे. बसवल्यावर वारंवार पडायला लागली तर वायरमन म्हणेल "काढून टाकू". काढू देऊ नका, ती गळती दाखवतेय.

अर्थिंगची हिरवी तार (२.५ चौरस मिलिमीटर, तांब्याची) मोटारीच्या बॉडीपासून थेट अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत न्यायची. नळाच्या पाइपला गुंडाळायची नाही. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत लांबवर जायचा, आता मध्ये कुठे ना कुठे प्लॅस्टिकचा तुकडा असतोच. मग ती तार जमिनीत काही पोचवत नाही, उलट न्हाणीघरातल्या तोटीपर्यंत करंट नेते.

मोटार वाइंडरकडे मेगरवर (करंट गळतोय का ते मोजायचं यंत्र) तपासा. वाइंडिंग ते बॉडी निदान १ मेगओहम यायला हवा, कमी आला तर मोटार उघडावी लागेल. मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर) असेल तर बहुतेक वेळा मेकॅनिकल सील गळत असतं आणि पाणी शाफ्टवरून बेअरिंगमध्ये, तिथून वाइंडिंगमध्ये शिरतं. सील न बदलता नुसतं वाइंडिंग भरून घेतलंत तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

पाना_नंबर_बारा
फेजतार यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता नळाला थेट लावलेल्या मोटारीबद्दल. ती बेकायदेशीर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या पाण्याचा वास तिथूनच येतोय.

पाच दिवस लाइन रिकामी असते. गल्लीतली लाइन आणि घराघरांत जाणारे पाइप गटाराला लागून, कितीतरी ठिकाणी गटाराच्या आतूनच गेलेले असतात. लाइनमध्ये दाब असला तर गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. दाब नसला, आणि त्यात वर मोटारीनं ओढलं, तर त्याच सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. शेजारच्या चार घरांनी मोटारी लावल्या की तुम्ही न लावताही हे होतं. म्हणून गल्लीत एकत्र बसून ठरवण्याची ही गोष्ट आहे.

तुमच्याकडे हौद जमिनीखाली आहे, त्यामुळे दाब कमी असला तरी पाणी उतारानं आपोआप पडेल. थेट मोटार काढून टाका. नळाचा पाइप हौदाच्या झाकणाखालून आत घ्या, पण त्याचं तोंड हौदाच्या भरल्या पातळीपेक्षा वीतभर वर राहू द्या. तोंड पाण्यात बुडालेलं असलं की लाइन रिकामी होताना हौदातलं पाणी उलटं ओढलं जातं. आत शिरण्याआधी एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दोन चाव्या बसवा, एक हौदाकडे, एक बागेकडे. पहिली पाच-दहा मिनिटं बागेची चावी उघडी ठेवायची. काचेच्या पेल्यात पाणी नितळ दिसलं आणि वास गेला की हौदाची उघडायची. नळ अंगणातल्या खड्ड्यात असेल तर तो खड्डा आधी बुजवा, पावसाचं सगळं त्यातच साचतं.

रस्त्यातल्या फेरूलपासून (मुख्य लाइनला नळजोडणी घेतात तो सांधा) घरापर्यंतचा पाइप कुठून जातो ते एकदा उकरून बघाच. जुना जीआय (लोखंडी) पाइप गटारातून गेला असेल तर तेवढा तुकडा बदलून अखंड एमडीपीई (प्लॅस्टिकची) नळी टाका, आणि गटार ओलांडते तिथे ती मोठ्या पीव्हीसी पाइपातून न्या. गटाराच्या आत एकही सांधा नको.

बोअरचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या. भांडी, कपडे, संडास त्यावर. दोन्ही एकत्र केलं की नळाचं चांगलं पाणीही हातचं जातं.

जलनमुना
आरओचं ठरवण्याआधी तपासणी करा. मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. ३४० टीडीएसच्या पाण्यात विष्ठेतले जंतू असू शकतात आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. नायट्रेट किंवा फ्लोराइड किती हेही तो सांगत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. कठीणपणा २०० आणि ६००. फ्लोराइड १ आणि १.५. नायट्रेटला मात्र सूट नाही, ४५ म्हणजे ४५ (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर).

रासायनिक तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते, जंतूंची जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत. रासायनिक नमुन्याला दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंच्या नमुन्याला घरची बाटली चालत नाही, प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच आणायची. तोटी धातूची असेल तर ज्योतीनं शेकून, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून मग भरायची, वर थोडी जागा ठेवायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवायची. नमुने वेगवेगळे घ्या: नळाचं थेट पाणी, स्वयंपाकघरातली तोटी, बोअर.

अहवाल येईपर्यंत बाळाला बोअरचं पाणी देऊ नका, उकळूनही नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण वाफ उडून गेल्यावर नायट्रेट उरलेल्या पाण्यात अधिक दाट होतं. लहान बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नायट्रेटमुळे घटते, ओठ आणि नखं निळी पडतात. वर्षाच्या आतल्या बाळाला हा धोका जास्त.

शिवारवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. मोटारी बंद केल्या. वाइंडर म्हणाला सीलच गळत होतं. आरसीसीबी आणि अर्थिंग झालं, थेट मोटार काढली. अहवाल आलेत. बोअर: नायट्रेट ७८, फ्लोराइड ०.६, कठीणपणा ६४०. नळ: नायट्रेट १२, कठीणपणा १९०, पण कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू) आढळले, उरलेला क्लोरीन शून्य. आता?

क्षारपड
मग उत्तर सोपं आहे. बोअर पिण्यासाठी बाद. नळाच्या पाण्याला आरओची गरज नाही, क्षारांचा प्रश्नच नाही तिथे. आरओ एक भांडं पाणी देताना दोन-तीन भांडी फेकतो, आणि पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात ते परवडत नाही. यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा दिवा) आणि यूएफ (जंतू अडवणारी बारीक गाळणी) एकत्र असलेलं यंत्र घ्या. वीज जात असेल तर यूएफ जास्त कामाचं, टाकीच्या उंचीच्या दाबावर विजेशिवाय चालतं. यूव्हीचा दिवा साधारण वर्षानं बदलायचा. निळा उजेड दिसतो म्हणून काम करतोय असं नसतं. गढूळ पाण्यात यूव्हीचा उपयोग नाही, किरण गाळाआडच्या जंतूंपर्यंत पोचत नाहीत.

ज्यांच्याकडे बोअरशिवाय पर्यायच नाही त्यांच्यासाठी, कारण हे दुकानात सांगत नाहीत: आरओला टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. चव यावी म्हणून तो कच्चं पाणी आरओच्या पाण्यात मिसळतो. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर हा स्क्रू पूर्ण बंद हवा, नाहीतर जे काढायला आरओ घेतला तेच परत पेल्यात. आत जाणारा आणि बाहेर येणारा टीडीएस दर महिन्याला लिहून ठेवा. ११८० चा ८०-१०० यायला हवा. २५० च्या पुढे गेला तर मेंब्रेन (आरओतला क्षार अडवणारा पडदा) संपलं. पुढचा पांढरा स्पन फिल्टर तीन ते सहा महिन्यांत बदला. कार्बन वेळेवर बदलला नाही तर क्लोरीन थेट मेंब्रेनवर जाऊन ते खातो.

हंडा_कळशी
कोलिफॉर्म आहेत आणि क्लोरीन शून्य आहे, म्हणजे हौदापासूनच सुरुवात करावी लागेल.

हौदात किती पाणी आहे ते मोजा, हौद किती मोठा आहे ते नाही. आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा, त्याला हजारानं गुणलं की लिटर. ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर असेल तर १००० लिटरला २.५ ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर ५ ग्रॅमपर्यंत. ४००० लिटर पाणी म्हणजे १० ग्रॅम. चमच्यानं मोजू नका, किराणा दुकानातल्या काट्यावर पुड्या करून घ्या. पुडी प्लॅस्टिकच्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवायची, गुठळ्या मोडायच्या, मग बादलीभर पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. चुना खाली बसतो. वरचं नितळ पाणी तेवढं हौदात सगळीकडे पसरून ओतायचं. एक तास पाणी वापरायचं नाही.

पावडर किती ताजी यावर सगळं आहे. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. ओलसर गोळा झालेली पावडर घेऊ नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात अंधारात ठेवा, आणि संडास धुण्याच्या अ‍ॅसिडजवळ तर अजिबात नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते बघायचं. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात द्रावण असतं. परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवायचा. स्वयंपाकघरातल्या तोटीला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर यायला हवा. तपासलेलं पाणी फेकून द्या. हे वरवरचं काम नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता, आणि हा जंतू क्लोरीनपुढे टिकत नाही.

तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून आधी तुरटी, मग निवळलेलं पाणी वेगळं, मग क्लोरीन. बाळाचं पाणी मात्र रोज खदखदून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवून त्याच भांड्यात झाकून निववा, दुसऱ्या भांड्यात ओतू नका. माठात हात बुडणार नाही असं लांब दांड्याचं ओगराळं वापरा.

पाना_नंबर_बारा
हौदाच्या फरशीबद्दल राहिलंच. बाळ आता रांगायला लागेल. फरशी अर्धी सरकवून ठेवायची सवय सगळ्या घरांत असते. दोन फूट बाय दोन फुटाचं लोखंडी चौकटीचं, कुलूप लागणारं झाकण बसवा, आणि चौकट जमिनीपासून वीतभर उंच बांधा म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी आत जाणार नाही. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी, डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

फेजतार
हौद धुताना आत उतरू नका, होईल तेवढं बाहेरून लांब ब्रशनं करा. बंद हौदात तळाच्या गाळानं प्राणवायू संपलेला असतो आणि माणूस दोन श्वासांत खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. उतरावंच लागलं तर झाकण काही तास आधी उघडं, वरून पंख्याची हवा, कमरेला दोर आणि दोर धरून वर दोन माणसं. दिवा सोडून बघतात, पण दिवा तेवत राहिला म्हणजे विषारी वायू नाही असं नसतं. आत उजेडाला बॅटरी वापरायची, वायरचा दिवा नाही. गाळ उपसायचा पंप, माणूस आत असेपर्यंत, प्लग काढून.

शिवारवाट
झाकण करायला टाकलंय. एक अडचण. हौदात ओटीचा रंग चांगला पिवळा येतो, स्वयंपाकघरात काहीच नाही.

हंडा_कळशी
गच्चीवरची टाकी क्लोरीन खातेय. आधी बोअरचं पाणी यायचं ना, तळाशी बोटभर गाळ आणि भिंतींना बुळबुळीत थर असेल. टाकी रिकामी करून घासा. मग १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम पावडर कालवून त्याचं नितळ पाणी आतून ब्रशनं सगळीकडे लावा, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालून. अर्धा तास ठेवून धुवा. ते धुवण सगळ्या तोट्यांतून जाऊ द्या, पण पाणी शुद्ध करायच्या यंत्राची नळी आधी सोडवून ठेवा. टाकीचं झाकण नीट बसतंय का बघा, उन्हानं क्लोरीन उडतो. भरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, तोटीचं पाणी मिनिटभर सोडून, यंत्राच्या आधीच्या तोटीवर पुन्हा ओटी करा. यंत्रानंतरच्या पाण्यात कार्बनमुळे रंग येणार नाही, तो शोधू नका.