फराळाच्या मेलला सब्जेक्ट काय टाकू? लोक उघडतायत म्हणे, पण ऑर्डर येत नाहीयेत

भाजणीवाली

नमस्कार मंडळी. आमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, आई आणि दोन मावश्या करतात, मी ऑर्डरी आणि पॅकिंग बघते. गावातल्या लोकांचं सगळं व्हॉट्सॅपवर होतं, तिकडे काही अडचण नाही. पण परदेशात पाठवायची जी गिऱ्हाईकं आहेत (इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, थोडी अमेरिका) त्यांना मेल बरा पडतो, वेळा जुळत नाहीत आणि पत्ता वगैरे लेखी लागतो म्हणून. ६४० जणांची यादी आहे, सगळे आधी कधीतरी घेतलेलेच, विकत आणलेली यादी नाही.

गेल्या वर्षी तीन मेल टाकले. सब्जेक्ट असे होते:

"दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!!!"
"प्रिय ग्राहक, फराळावर खास ऑफर, त्वरा करा"
"शेवटची संधी, १०% सूट"

भाच्याने वेबसाइटवर एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहून दिलीय त्यातून जातात, पाठवणाऱ्याचा पत्ता आमचा जीमेलचाच आहे. तो म्हणतो ३१% लोकांनी उघडला, म्हणजे जवळजवळ दोनशे, पण ऑर्डर आल्या ९. त्यातून दोघीतिघींनी कळवलं की सब्जेक्टमधे मधेच काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह दिसतंय, आणि एकीला तर मेल स्पॅममधे सापडला. आता यंदा सब्जेक्टच नीट लिहायचा असं ठरवलंय. इमोजी टाकावा का, इंग्रजीत लिहावा का, नाव घालावं का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा प्लीज.

वरणभात७

ताई, मी एका एजन्सीत हेच काम करतो, दिवसभर लोकांचे सब्जेक्ट लिहितो, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

"दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" हा सब्जेक्ट त्या आठवड्यात बँक, विमावाला, म्युच्युअल फंडवाला, सोसायटीचा सेक्रेटरी सगळे पाठवतात. तुमच्या गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समधे असे पंधरा मेल पडलेले असतात आणि ती सगळे एकदम टिक करून उडवते, त्यात तुमच्या चकल्याही गेल्या. दुसऱ्यात "खास ऑफर, त्वरा करा" म्हणजे काय ते कळतच नाही, कशाची ऑफर, कधीपर्यंत. आणि घरचा फराळ मागवणारी बाई १०% साठी मागवत नाही हो, तिला दिवाळीच्या आधी डबा हातात पडायला हवाय. तिच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, वेळेत येईल का. मग तेच सब्जेक्टमधे लिहा ना.

"१० तारखेनंतर पार्सल दिवाळीत पोचणार नाही"
"चकल्या तळायला घेतल्या, जर्मनीचं पार्सल शुक्रवारी"

असं काहीतरी. महत्त्वाचा शब्द पुढे घ्या, कारण फोन उभा धरला की इंग्रजीचीसुद्धा साधारण ३५-४० अक्षरंच दिसतात, पुढचं टिंबटिंबात जातं. देवनागरीचा तर अंदाज आणखी चुकतो, मोजणारी टूल्स काना मात्रा वेलांटी अनुस्वार सगळं वेगळं मोजतात, "करंज्या" आपल्याला तीन अक्षरं वाटतात, टूल ७ सांगतं. म्हणून मोजत बसू नका, स्वतःला पाठवा आणि फोनवर बघा, शक्य असेल तर आईच्या फोनवर, तिने फॉन्ट मोठा करून ठेवलेला असणार, तिथे जेवढं दिसेल तेवढाच तुमचा सब्जेक्ट असं समजा.

आणि सब्जेक्टच्या खाली किंवा शेजारी जी फिकट ओळ दिसते ती पण तुमचीच जागा आहे, तिला प्रीहेडर म्हणतात. ती भरली नाही तर मेलमधली पहिली ओळ उचलली जाते, बहुतेकांचं तिथे "मेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा" असं येतं. एवढी मोक्याची जागा आणि त्यात हे! तिथे भाव टाका, किंवा यंदा काय काय आहे ते टाका.

सर्व्हरखाली_अंधार

सब्जेक्टचं नंतर बघू, आधी भाच्याचा कान धरा.

पत्ता जीमेलचा आणि पाठवतोय तुमच्या वेबसाइटचा सर्व्हर, हे जीमेलला तोतयागिरीसारखंच दिसतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत, दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच त्या पत्त्याच्या मालकाकडून आलाय हे तपासायच्या सोयी) तिन्ही आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइब, म्हणजे यादीतून नाव काढायची सोय, सक्तीचं आहे. तुम्ही ६४० वाले, तुम्हाला सगळंच लागू नाही, पण स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे जीमेलऐवजी स्वतःच्या वेबसाइटच्या नावाचा पत्ता घ्या, एसपीएफ आणि डीकिम लावून घ्या, एका दुपारचं काम आहे. नाहीतर कितीही गोड सब्जेक्ट लिहा, तो स्पॅममधे बसून वाचणार कोण. लोक म्हणतात "फ्री" शब्द नको, "ऑफर" शब्द नको, तसं काही एका शब्दाने होत नाही आता. किती लोक तुम्हाला स्पॅम म्हणून दाबतात त्याने जास्त फरक पडतो, गूगल सांगतं की ते ०.३% च्या खाली ठेवा. म्हणजे ६४० मधे दोघांनी दाबलं की तुम्ही काठावर.

आता ते चौकोनातलं प्रश्नचिन्ह. मेलचा सब्जेक्ट मुळात इंग्रजी अक्षरांसाठीच केलेला, त्यामुळे देवनागरी आतून कोड करून पाठवावी लागते आणि त्या कोडच्या एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे ३ बाइट, कोडमधे त्याची ४ अक्षरं होतात, काही अक्षरं तुकड्याच्या पुढच्या-मागच्या खुणांत जातात, म्हणजे एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं बसतात. सब्जेक्ट त्याहून मोठा झाला की तो तोडून पुढच्या तुकड्यात न्यायचा, आणि तोडताना अक्षर अर्धं कापायचं नाही असा नियम आहे. स्क्रिप्ट घरी लिहिली असेल तर हमखास इथेच कापलं जातं, अर्धं अक्षर इकडे अर्धं तिकडे, आणि मधे तो चौकोन. एखादी तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून तपासलेला कोड) वापरायला सांगा त्याला, किंवा सरळ मेल पाठवायची सर्व्हिस घ्या, ६४० लोकांसाठी फार पैसे पडत नाहीत.

भाजणीवाली

अगंबाई! हे कोणी सांगितलंच नव्हतं. भाचा इथे शेजारी बसलाय, वाचून गप्प झालाय.

पण मग ३१% उघडतात ते कसं? स्पॅममधे जात असेल तर उघडणार कसे?

वरणभात७

त्या आकड्यावर जाऊच नका. उघडलं की नाही हे मेलमधल्या एका न दिसणाऱ्या चित्रावरून मोजतात, चित्र लोड झालं की उघडलं असं धरतात. सप्टेंबर २०२१ मधे ॲपलने आयफोनच्या मेल ॲपमधे अशी सोय आणली की चित्रं ॲपलचे सर्व्हर परस्पर आधीच उतरवून घेतात, माणसाने बघो न बघो. तुमची गिऱ्हाईकं परदेशातली, म्हणजे आयफोनवाले बरेच असणार. दोनशेतले खरे किती ते देवाला ठाऊक. तुम्ही ऑर्डर मोजा, आणि मेलला उत्तरं किती आली ते मोजा.

तसंच कोणी सांगेल की अर्ध्या लोकांना एक सब्जेक्ट अर्ध्यांना दुसरा पाठवा आणि तुलना करा. मोठ्या यादीला ते ठीक आहे. तुमच्याकडे ३२०-३२० होतात, एकीकडे २०% दुसरीकडे २४% आलं तर फरक किती, १३ माणसं. एवढा फरक एकच सब्जेक्ट दोन्हीकडे पाठवला तरी येतो, करून बघा.

अण्णांचा_चहा

टेस्टिंगला एवढं पण नावं ठेवू नका राव. ओबामाच्या २०१२ च्या प्रचारात याच्यावरच करोडो जमवले त्यांनी. एका मेलचे १८ प्रकार करून आधी थोड्या लोकांना पाठवले, त्यात "माझ्यापेक्षा समोरचा जास्त खर्च करणार" अशा अर्थाचा सब्जेक्ट निवडला गेला आणि त्या एका मेलवर २६ लाख डॉलरच्या वर आले. आणि नुसतं "हे" (इंग्रजी Hey) म्हणून पाठवलेला सब्जेक्ट पण तुफान चालला होता, म्हणजे आपण मित्राला "ए" करून हाक मारतो ना तसा. गंमत म्हणजे कुठला चालेल हे त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनाच ओळखता यायचं नाही.

सर्व्हरखाली_अंधार

अहो त्यांची यादी लाखोंची होती आणि पाठवणारा राष्ट्राध्यक्ष. उद्या ताईंनी "ए" म्हणून मेल टाकला तर लोक अकाउंट हॅक झालं समजतील. शिवाय नवी युक्ती काही दिवसांनी शिळी व्हायची हेही त्यांनीच सांगितलंय.

फ्रँकफुर्टची_सून

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते, कारण इथे सगळे पाठवणारेच बोलतायत. 🙂 दरवर्षी फराळ मागवते, दोन ठिकाणांहून.

मी सकाळी ट्रेनमधे मेल बघते, एका हातात कॉफी, अंगठ्याने वर सरकवत. सब्जेक्ट मी दुसऱ्यांदा बघते, पहिल्यांदा नाव बघते कोणाचं आहे. तिथे जर "इन्फो" किंवा "सेल्स" असलं तर गेलंच. ताई तुम्ही "अमुक मावशींचा फराळ" असं काहीतरी नाव ठेवा पाठवणाऱ्याचं आणि परत बदलू नका.

मराठीत लिहा, देवनागरीतच. माझा सगळा इनबॉक्स जर्मन नाहीतर इंग्रजी, त्यात एक मराठी ओळ दिसली की डोळा तिथे थांबतोच, घरून कोणी हाक मारल्यासारखं. फक्त एक करा, मेलमधे कुठेतरी फराळ, चकली वगैरे शब्द रोमन लिपीतही लिहा. कारण चार दिवसांनी ऑर्डर करायला बसते तेव्हा मी मेलमधे रोमनमधे टाइप करून शोधते, ऑफिसच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड नाहीये, आणि मेल सापडतच नाही.

नाव घालायचं म्हणताय तर जपून. मला एकाने "प्रिय एफनेम, तुमच्यासाठी खास" असा मेल पाठवला होता, म्हणजे नावाची जागा रिकामीच राहिली होती. खूप हसलो आम्ही, पण मागवलं नाही. आणि "शेवटची संधी" म्हणालात तर ती खरंच शेवटची असू दे. एका साडीवाल्यांनी मला पाच दिवस रोज "शेवटचे ३ तास" पाठवलं, सहाव्या दिवशी मी अनसबस्क्राइब केलं, साड्या चांगल्या होत्या खरं तर.

वरणभात७

हे शेवटचं फ्रेम करून ऑफिसात लावतो. याच्यात भर एकच, न केलेल्या संभाषणाला "रिप्लाय" दाखवायला सब्जेक्टच्या आधी खोटं "रि:" लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चीड येते ती येतेच, आणि अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने फसवा सब्जेक्ट चालत नाही, तुमची तिकडे गिऱ्हाईकं आहेत. पणतीचा इमोजी एखादा चालेल, शेवटी लावा, पुढे नको.

भाजणीवाली

सगळ्यांना थँक्यू. अपडेट द्यायला आले.

नवीन डोमेनचा पत्ता घेतला, भाच्याने स्क्रिप्ट काढून सर्व्हिस लावली, पाठवणाऱ्याचं नाव आईच्या नावाने ठेवलं. काल रात्री मेल टाकला. आईला विचारलं काय लिहू, ती कढईपाशी उभी होती, म्हणाली "सांग त्यांना, भाजणी दळून आली, दहा तारखेपर्यंत सांगा म्हणावं." तेच टाकलं जसंच्या तसं: "भाजणी दळून आली, १० तारखेपर्यंत सांगा". खालच्या फिकट ओळीत कुठल्या देशाला पोचायला किती दिवस आणि किलोचा भाव. आईच्या फोनवर "सांगा" अर्धं कापलं जातंय पण तारीख दिसतेय.

सकाळपर्यंत १४ ऑर्डर. आणि उत्तरं त्याहून जास्त, कोणी आईची तब्येत विचारलीय, कोणी अनारसे आहेत का विचारलंय, आणि सहा जणींनी वेगवेगळ्या देशांतून एकच विचारलंय, नुसती भाजणी अर्धा किलो मिळेल का, चकल्या आम्ही घरी करू. आता सुटी भाजणी आमच्या यादीतच नव्हती कधी. मावशी म्हणतेय पाकीट फुटलं तर काय, दुहेरी पिशवीत भरून एक इथल्या इथेच कुरियर करून बघतोय आज.